मिठाच्या घरची अक्षत

आमच्या नातवाला, ओंकारला, नोकरी आणि नवरी एकाच महिन्यात मिळाली, त्या वर्षीची ही हकिगत. साल दोन हजार चोवीस. आधी काय मिळालं, नोकरी की नवरी, यावर दोन्ही घरांत अजून एकमत नाही, आणि ओंकारला विचारलं की तो फोन घेऊन अंगणात जातो. लग्न एकवीस एप्रिलचं ठरलं. मांडव, आचारी, बँजो, पाण्याचा टँकर हे सगळं माझ्या मुलाने, गणराजने, अंगावर घेतलं. मला एकच काम मिळालं आणि तेही मी मागून घेतलं म्हणून. सुरबंदरला जायचं आणि खलीलच्या हातावर अक्षत ठेवायची.

खलील हा आमच्या घरचा मिठाचा माणूस. आमचं गाव तळा गावाच्या अलीकडे डोंगराच्या पोटात आहे. तिथे भात पिकतं, मीठ पिकत नाही. खलीलच्या आज्यापासून त्यांचा मचवा खाडीतून वर यायचा, मीठ आणि सुकट उतरवायचा, आमचे तांदूळ भरून परत जायचा. मचवा गेला, टेम्पो आला, पुढे टेम्पोही गेला. एक गोष्ट मात्र राहिली. आमच्या घरच्या लग्नाच्या जेवणात मीठ पडायचं ते खलीलच्या घरचंच. त्यासाठी आमच्या थोरल्या माणसाने स्वतः जाऊन अक्षत द्यायची आणि खलीलने आदल्या दिवशी दोन पायल्या मीठ घेऊन यायचं. त्या मिठाचा मोबदला घ्यायचा नाही, द्यायचाही नाही.

दोन हजार पंधरा साली माझ्या नातीचं, क्रांतीचं, लग्न निघालं तेव्हा माझा गुडघा सुजला होता. गणराजने शहाणपणा केला. त्याने पत्रिका आणि अक्षत एका पाकिटात घातली आणि सुरबंदरच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे दिली. तिसऱ्या दिवशी त्याच ड्रायव्हरने पाकीट परत आणलं. म्हणाला, "घेत नाहीत ते. म्हणाले, मी काय कोळंबीची पाटी हाय का, एसटीनं पाठवायला?" त्या लग्नात दुकानातलं मीठ पडलं. जेवण चांगलं झालं असं सगळे म्हणतात. मला ते आजतागायत अळणी लागतं.

नऊ वर्षं आम्ही बोललो नाही. मी शहात्तरचा झालो होतो आणि ओंकारनंतर आमच्या घरात लग्नाचं कुणी उरलं नव्हतं. म्हणजे हे आमंत्रण हुकलं असतं तर पुढचं नव्हतं.

मी निघणार हे कळल्यावर शेजारचा अनंता आला. अनंताने मुंबईला गोदीत तीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे पाण्याजवळच्या कुठल्याही गोष्टीवर त्याचा शब्द शेवटचा असतो. गावची विहीर उपसायची झाली तरी आधी त्याला विचारावं लागतं.

"बंदर म्हंजे बंदर," अनंता म्हणाला. "सगळी सारखीच. येकच ध्यानात ठेव, दर्या कायम उजव्या हाताला ठेवायचा. चुकायचा न्हायस."

"खलीलचं घर मला माहीत हाय. मी दोनदा गेलोय."

"कवा?"

"एकदा त्याच्या लग्नात, एकदा त्याच्या बापाच्या मातीला."

"म्हंजे काहीच माहीत न्हाय. आता तिथं सुशोभीकरण झालंय. आधार कार्ड घे. त्याची झेरॉक्स घे. झेरॉक्सची झेरॉक्स घे."

मनुबाईने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, उपरण्याच्या टोकाला मूठभर अक्षत बांधली, गाठीला कुंकू लावलं आणि नियम सांगितले. पन्नास वर्षं मी ते ऐकत आलो आहे, तरी तिने ते पहिल्यापासून सांगितले. अक्षत खाली ठेवायची नाही. उरलेली अक्षत उंबऱ्याच्या आत परत आणायची नाही. आणि वाटेत कुणी "कुणाचं लगीन?" असं विचारलं, तर त्याला उत्तर देऊन मोकळं व्हायचं नाही. विचारणाऱ्याला चिमूटभर अक्षत द्यायची, दिवस आणि वेळ सांगायची, या म्हणायचं.

"आणि हजार जणांनी इचारलं तर?" मी म्हणालो.

"तुम्हाला कोण इचारतंय," मनुबाई म्हणाली.

तळ्याहून म्हसळा, म्हसळ्याहून बोर्ली पंचतन. बोर्लीच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत बसलो तेवढ्यात शेजारच्या बाईने उपरण्याची लाल गाठ पाहिली आणि विचारलं, "कुणाचं लगीन हो, बाबा?" दिली चिमूट. तिच्या जावेनेही विचारलं. तिलाही दिली. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं. त्याला मी म्हणालो, "तुला ड्युटी असेल रविवारी." तो म्हणाला, "रविवारीच तर सुट्टी हाय." सुरबंदरला उतरलो तेव्हा तीन माणसं वाढली होती.

आता सुरबंदरची रचना सांगितली पाहिजे, नाहीतर दोष माझ्यावर येईल. हे गाव तीन बाजूंनी पाण्यात आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि टोकाला दोन्ही. दर्या उजव्या हाताला ठेवून चालणारा माणूस तिथे कधीच चुकत नाही, कारण तो कुठे पोचतच नाही. मी अर्धा तास चाललो आणि कोळीवाड्यात शिरलो. दोन्ही बाजूंना घरं, मध्ये माणूसभर वाट, काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील, आणि दारादारात बायका जाळी विणत नाहीतर एकमेकींना काहीतरी सुनावत बसलेल्या.

"ओ पाव्हनं, कुणाचं लगीन?" एक धिप्पाड बाई कोयता बाजूला ठेवून म्हणाली. ही नीराबाई. तिचं नाव मला लगेच कळलं कारण पुढच्या दहा मिनिटांत गल्लीतल्या सगळ्यांनी तिला हाक मारली.

मी सांगितलं आणि चिमूट पुढे केली.

"चिमूट? माझ्या घरात चार चुली हायत. चौघी सुना वेगळ्या. तीन चुलींना उपाशी ठेवू का?"

तिने ओंजळ पुढे केली. ओंजळीत चिमूट टाकणं मला जमलं नाही. मूठ थोडी सैल झाली.

"खलील मीठवाल्याकडं जायचंय," मी विचारलं.

"मोहल्ल्यात? अवो, तुम्ही उलट्या बाजूला आलाव. दर्या डाव्या हाताला ठेवायचा!"

मी अनंताची आठवण काढली. ती कशी काढली ते इथे लिहीत नाही.

परत फिरलो. वाटेत बामण आळी लागली. दोन्ही बाजूंनी पोफळी, मधून पाट, दगडी पाखाडी, आणि दुपारची अशी शांतता की आपल्या चपलेचा आपल्यालाच राग यावा. प्रत्येक फाटकावर पाटी. 'घरगुती राहण्याची सोय.' 'घरगुती जेवण व राहणे.' 'अस्सल घरगुती.' मी अठ्ठावन्नाव्या वर्षी रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकलो, त्यामुळे पाटी दिसली की वाचल्याशिवाय पुढे जाणं मला जमत नाही. एका पाटीसमोर उभा राहिलो तर मालक बाहेर आले, म्हणाले, "एसी की साधी?" मी म्हणालो, "मी नुसता वाचतोय." ते म्हणाले, "वाचायला काही पडत नाही," आणि आत गेले. लग्नाचं मात्र विचारलं नाही. त्यांचे आभार.

तिथून पुढे पूर्वी सरळ जकात नाक्यावरून मोहल्ल्यात वाट जायची. आता तिथे लोखंडी फाटक होतं. पलीकडे चकचकीत फरशी, रंगीत दिवे, बाकडी, मोठाल्या अक्षरांत 'माझं सुरबंदर', आणि त्या अक्षरांसमोर ओळीने उभे राहून फोटो काढणारी माणसं. जुन्या जकात घराला पिवळा रंग देऊन त्याचं प्रदर्शन केलं होतं. फाटकावर पाटी: 'बाहेरील खाद्यपदार्थ आत नेण्यास सक्त मनाई आहे.'

मी पाटी वाचली आणि आत निघालो. पहारेकऱ्याने अडवलं.

"काका, गाठीत काय हाय?"

"अक्षत."

"म्हंजे तांदूळच ना? राईस अलाऊड नाय."

"अरे बाबा, ते खायचे तांदूळ नव्हेत."

"मग कशाचे हायत?"

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मी विचार करत होतो तेवढ्यात तो म्हणाला, "कुणाचं लगीन पण?" मी त्याला चिमूट दिली. त्याने ती आदराने टोपीत ठेवली आणि म्हणाला, "आता मी तुमचा पाव्हणा झालो, पण नियम तो नियम. हापिसातनं लेखी परवानगी आणा."

हापीस शंभर पावलांवर होतं. तिथल्या कारकुनाने डोकं वर न करता सांगितलं, "अर्ज करा." अर्ज करायला मला कुणाची मदत लागत नाही, याचा मला थोडा अभिमान आहे. मी कागद मागून घेतला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं की, मी अंबाजी, वय शहात्तर, माझ्याजवळ नातवाच्या लग्नाची अक्षत असून ती घेऊन मला समुद्राजवळून जाऊ द्यावे.

कारकुनाने वाचलं. "किती आहेत तांदूळ?"

"होते मूठभर. आता कमी झालेत."

आता त्याने डोकं वर केलं. "कमी कसे झाले?"

"वाटले."

"वाटले? लोकांना?" तो खुर्चीतून उठलाच. "आजोबा, निवडणुकीची आचारसंहिता चालू आहे! तुम्ही गावात तांदूळ वाटत फिरताय?"

"चिमूट चिमूट वाटतोय."

"प्रमाण किती ते महत्त्वाचं नाही. कुठल्या पक्षाचे?"

"मुलाकडचे," मी म्हणालो.

पुढचा अर्धा तास त्याने दोन फोन केले. एका साहेबांनी सांगितलं की अक्षत खाद्यपदार्थात येत नाही, धार्मिक साहित्यात येते. दुसऱ्या साहेबांनी सांगितलं की मग तर मुळीच परवानगी देऊ नका. शेवटी कारकुनाने तोड काढली. अर्ज ठेवून घेतो, सात दिवसांत उत्तर कळवतो, आणि अर्जासोबत नमुना म्हणून थोडे तांदूळ जोडावे लागतील. त्याचे थोडे म्हणजे माझे अर्ध्याहून जास्त. त्याने ते पाकिटात घालून पाकीट चिकटवलं, वर शिक्का मारला, तारीख टाकली. मग इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "लग्न कुणाचं म्हणालात?"

कारकुनाला चिमूट दिली. त्याच्या शिपायाने दारातून विचारलं. त्यालाही दिली.

बाहेर येऊन फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसलो. पलीकडे फरशीच्या शेवटाला मोहल्ल्यातल्या मशिदीचा हिरवा कठडा दिसत होता. पाचशे पावलं असतील. नऊ वर्षं टाकली नाहीत ती पाचशे पावलं आता एका पाटीने अडवली, याचं मला वाईट वाटलं. खरं म्हणजे पाटीपेक्षा नऊ वर्षांचंच जास्त वाटलं.

तेवढ्यात एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात छोटा झेंडा, मागे चौदा पुणेकर. तिचं नाव सुचिता आणि ती लोकांना बंदर पायी हिंडवून दाखवायचं काम करायची. तिने मला विचारलं काय झालं, आणि मी सांगितलं.

"आजोबा, गटातून चला ना," ती म्हणाली. "गटाचं सामान तपासत नाहीत." आणि तिने माझ्या सदऱ्यावर एक गोल कागद चिकटवला. त्यावर 'पाहुणा १५' असं लिहिलेलं होतं. पहारेकऱ्याने मला पाहिलं, कागद पाहिला, टोपीतल्या अक्षतेला हात लावला आणि आभाळाकडे बघू लागला.

आयुष्यात पहिल्यांदा मी पर्यटक म्हणून कुठेतरी फिरलो. सुचिता चांगलं सांगायची. इथे गलबतं लागायची, इथे जकात घ्यायचे, हा तराजू, हे वजन. मी लक्ष देऊन ऐकत होतो. पण लोक तराजूकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघायला लागले. एक जोडपं पुढे आलं.

"काका, त्या जाळ्याशेजारी उभे राहाल का? एकच फोटो."

"मी भातवाला हाय. जाळं मला टाकता येत न्हाय."

"टाकायचं नाही, नुसतं धरायचं. आणि डोळे बारीक करून समुद्राकडे बघा, जुने कोळी बघतात तसे."

मी सांगितलं की मीही इथे पाहुणाच आहे, छातीवर नंबर आहे. त्यांनी नंबरावर उपरणं ओढून घ्यायला सांगितलं. पुढे आणखी चार जणांनी फोटो काढले. डोळे बारीक करून मला चक्कर यायला लागली. शेवटी एका आजीबाईंनी गाठ पाहून विचारलं, "लग्न आहे का घरात?" मी हो म्हणालो आणि त्या म्हणाल्या, "अगं बाई! खरं कोकणातलं लग्न!" मग चौदाही जणांनी एकामागून एक विचारलं. काहींनी दोनदा विचारलं, फोनवर चित्र नीट आलं नव्हतं म्हणून.

"आणि आता आपला शेवटचा थांबा," सुचिता म्हणाली. "मोहल्ल्यातलं दीडशे वर्षांचं मीठवाल्यांचं घर. घरमालक स्वतः माहिती देतात."

खलीलच्या दारात मी जाणार होतो, पण असा नव्हे. छातीवर नंबर लावून, चौदा पुणेकरांच्या मागे, चप्पल ओळीत काढून.

खलील पडवीत उभा होता. दाढी पांढरी झाली होती, पाठ मात्र ताठ. त्याने सगळ्यांना सलाम केला, नजर ओळीवरून फिरवत माझ्यापर्यंत आणली, क्षणभर थांबवली आणि पुढे नेली. जणू मी खांब होतो.

"या, मेहमान," तो खास पाहुण्यांसाठीच्या भाषेत म्हणाला. "ही पडवी. इथे मीठ उतरायचं. आणि इथे डोंगराकडचे तांदूळवाले येऊन बसायचे. फार मानी लोक. जेवा म्हटलं की तीनदा नाही म्हणायचे आणि मग सहा भाकऱ्या खायचे."

पुणेकर हसले.

"त्यांच्यात एक छान रिवाज होता," खलील पुढे म्हणाला. "लग्न असलं की घरचा थोरला स्वतः अक्षत घेऊन यायचा. आता तो रिवाज बंद झाला. आता ते अक्षत एसटीच्या ड्रायव्हरकडे देतात. ड्रायव्हर बिचारा चहाला उतरतो, अक्षत सीटवर बसून राहते."

"किती वाईट ना!" त्या आजीबाई म्हणाल्या.

मी हात वर केला. "प्रश्न आहे."

"विचारा, पाहुणे नंबर पंधरा."

"मीठवाल्यांचा राग किती वर्षं टिकतो?"

"मीठ खराब होत नाही, साहेब."

"पावसात पाणी सुटतं त्याला."

"कोरड्यात ठेवलं की नाही सुटत."

"कोरड्यात ठेवायला मेहनत पडत असेल."

"पडते," खलील म्हणाला. "नऊ वर्षं पडली." आणि मग लगेच सगळ्यांकडे वळून, "फेरी संपली. बाहेरचा रस्ता उजवीकडे. शुक्रिया."

सुचिताने मीठ साठवण्याबद्दलची ही माहिती फोनमध्ये लिहून घेतली. गट निघाला. मी निघालो नाही.

"फेरी संपली," खलील पुन्हा म्हणाला.

"खलील, मी अक्षत घेऊन आलोय."

"कुणाची?"

"ओंकारची."

"कोण ओंकार?"

"तुझ्या टेम्पोचा हॉर्न काढून नेला होता तो."

आतून खलीलच्या बायकोचा, शहरबानूचा, आवाज आला. "हॉर्नवाला? त्याचं लगीन? या अल्ला, येवढासा होता!" ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. "अंबाजीभाई, बसा. उन्हातनं आलाव."

"बसायला कुणी सांगितलं न्हाय त्याला," खलील म्हणाला. आता त्याची पाहुण्यांची भाषा गेली होती. "आधी मला सांग, अंबा. नऊ वर्षं का लागली?"

"लाज वाटत होती."

"मग फोन करायचा."

"फोनवर अक्षत देता येत न्हाय."

"गुडघा सुजला होता तर तसं सांगून पाठवायचंस. मी आलो असतो अक्षत न्यायला. कागद पाठवलास तू. डायवरच्या हातून. स्टँडवर चार लोकांत त्यानं हाक मारली मला, 'चाचा, तुमचं पार्सल!'"

हे मला नऊ वर्षांत माहीत नव्हतं. पार्सल म्हटलं होतं त्याला. मी म्हणालो, "चुकलं. गणराजचं न्हाय, माझं. मी त्याला अडवायला हवं होतं."

खलीलने दोन्ही हात सदऱ्याला पुसले आणि उजवा हात पुढे केला.

मी गाठ सोडली. उपरण्यावर हळदीचा डाग होता आणि एक तुटकी कणी होती. बाकी काही नव्हतं.

सकाळपासून मी बऱ्याच लोकांपुढे बावळट ठरलो होतो. पण त्या क्षणाइतका नाही. खलीलचा हात तसाच पुढे होता.

"रिकामी गाठ घेऊन आलास?" तो हळू आवाजात म्हणाला.

"सकाळी मूठभर होती."

"गेली कुठं?"

मी सांगितलं. बोर्लीच्या बायका, कंडक्टर, नीराबाई आणि तिच्या चार चुली. पहारेकऱ्यापर्यंत खलील गंभीर होता. कारकुनाकडे आलो तेव्हा त्याची दाढी हलायला लागली.

"नमुना म्हणून? फाइलीत?"

"शिक्का मारून."

"कुठल्या पक्षाचे, असं इचारलं?"

"मुलाकडचे म्हणालो मी."

शहरबानू तोंडाला पदर लावून आत पळाली आणि आतून तिचं हसणं ऐकू आलं. परत आली तेव्हा तिच्या हातात ताटली होती. मूठभर तांदूळ आणि हळद. तिने ते तिथेच कालवले आणि ताटली माझ्यापुढे धरली.

"हे बरंय," खलील म्हणाला. "माझेच तांदूळ, माझीच हळद, माझंच घर, आणि हा मला आमंत्रण देणार?"

"हात पुढं करा," शहरबानू म्हणाली. "किती उभा ठेवणार त्यांना?"

मी अक्षत त्याच्या हातावर ठेवली. दिवस सांगितला, वेळ सांगितली, या म्हणालो. खलीलने मूठ मिटली. मला वाटलं आता काहीतरी चांगलं बोलेल.

"येकूण किती माणसं वाढवलीस?" त्याने विचारलं.

"घरच्यांना धरून पन्नासेक होतील."

"पन्नास! आणि दोन पायल्यांत भागणार हाय काय? आमटीत कमी पडलं तर लोक कुणाला बोलतील? तुला न्हाय, मला बोलतील! उझैर!" त्याने नातवाला हाक मारली. "तिसरी पायली भर. आणि तो कोळीवाड्याचा रस्ता तुला कुणी दाखवला, अंबा?"

"अनंताने. गोदीतल्या."

"त्याला सांग, लग्नात भेटतो."

शेवटची एसटी गेली होती, म्हणून मुक्काम पडला. जेवायला बसवलं तेव्हा मी दोनदाच नाही म्हणालो.

लग्नाला सगळे आले. नीराबाई चारही चुलींसकट आली. पुणेकर मिनीबस करून आले आणि सगळ्यांनी फेटे बांधून घेतले. कारकून आला तो हातात लखोटा घेऊन. माझा अर्ज आचारसंहितेमुळे नामंजूर झाला होता, ते कळवायला. खलील आदल्या दिवशी तीन पायल्या घेऊन आला, आचाऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसला आणि प्रत्येक टोपातलं चाखून बघितल्याशिवाय एक वाटी पुढे जाऊ दिली नाही. आचारी दोनदा काम सोडून निघाला होता. अनंता दिवसभर खलीलच्या समोर आला नाही. गणराज मात्र आला, सगळ्यांदेखत खलीलच्या पाया पडला. खलील म्हणाला, "ऊठ, पोरा. एसटीनं आलास की चालत?" मग स्वतःच हसला.

त्यानंतर आमच्या चार भेटी झाल्या. दोनदा तो आला, दोनदा मी गेलो.

खलील त्याच वर्षी अठरा ऑगस्टला, रविवारी दुपारी, जेवून पडवीत आडवा झाला होता तिथेच वारला. दफनाला मी आणि गणराज वेळेवर पोचलो.